पोरिरुआतला कौल

पोरिरुआत मी ज्यांच्या घराच्या खालच्या मजल्यावर भाड्याने राहायचे, ते काका पेशाने हवेचे इंजिनियर. वेलिंग्टनमधल्या ऑफिसांमधून फिरायचं, कुठल्या मजल्यावर गरम हवा पोचते, कुठल्या कोपऱ्यात माणसं गारठतात ते तपासायचं आणि दुरुस्त करून द्यायचं, हे त्यांचं काम. स्वतःच्या घरात मात्र भिंतीवर गरम हवा सोडणारा झकास हीट पंप असून त्याचा रिमोट देवांच्या कपाटात, उदबत्तीच्या पुड्यांमागे. जूनमध्ये, म्हणजे इथल्या हिवाळ्यात, दक्षिणेचा वारा सुटला की खाली माझे दात वाजायचे. तक्रार घेऊन वर गेलं की काका अंगात दोन स्वेटर आणि मोज्यांवर जँडल्स, म्हणजे रबरी चपला, अशा अवतारात दार उघडायचे. "हवा तापवून काय करायचंय? माणूस तापव," म्हणायचे आणि आल्याचा चहा पुढे करायचे. चहा असा जहाल की पुढचा अर्धा तास थंडीचं नाव नको.

घर बघायला गेले तेव्हा त्यांनी पगार विचारला नाही, आधीच्या घरमालकाची चिठ्ठी मागितली नाही. एकच प्रश्न. "देव मानतेस का?" मी कोथरूडची, मला असले प्रश्न आवडत नाहीत. "नाही," म्हटलं सरळ. मनात म्हटलं, गेलं हे घर. काकांनी आत वळून काकूंना सांगितलं, "बरं झालं. ही खोटी आरती म्हणणार नाही." नंतर काकूंकडून कळलं की माझ्या आधी एक मुलगा येऊन गेला होता, रोज दोन तास पूजा करतो म्हणून सांगत होता. त्याला त्यांनी नम्रपणे दुसरं घर बघायला सांगितलं. पुढे माझी ओळख करून देताना ते "ही आमची नास्तिक" असं म्हणायचे, जणू काही घरात खास पाळलेली.

काकांचं गाव सिंधुदुर्गातलं आणि घराणं गुरवाचं. गावच्या देवळात देवाला कौल लावायचा मान त्यांच्या घराकडे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, मलाही माहीत नव्हतं. देवाच्या मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारायचा आणि वाट बघायची. उजवी पाकळी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. मुलगी ह्या घरी द्यावी का, विहीर इथे खणावी का, असे प्रश्न गावातली माणसं देवाला विचारतात आणि उत्तर येईल ते मुकाट्याने मानतात. आमच्याकडे असले प्रश्न पडले की लोक वकिलाकडे जातात. काकांना मी हे एकदा म्हटलंही. ते म्हणाले, "वकिलाची पाकळी कुठल्या बाजूला पडणार ते आधीच ठरलेलं असतं."

आमच्याशी ते शुद्ध मराठी बोलत, ऑफिसात इंग्रजी, आणि देवाशी मालवणी. गाऱ्हाण्यात त्यांनी इथे आल्यावर स्वतःची भर घातली होती. कोकणात प्रत्येक जागेला राखणदार असतो, अशी त्यांची श्रद्धा. मग पोरिरुआच्या जागेला का नसेल? म्हणून गावच्या देवाचं नाव घेऊन झालं की ते म्हणायचे, "ह्या डोंगराचो, ह्या खाडयेचो जो कोण राखणदार आसा, तेची आमका वळख नाय, पण तेच्या जाग्यार आमी ऱ्हवतव. तेका आमचो नमस्कार सांग म्हाराजा." आणि काकू कणीक मळता मळता आतून "व्हय म्हाराजा" म्हणायच्या.

परसात शेड बांधायची होती तेव्हा खणण्याआधी त्यांनी नारळ फोडला. शेजारचे म्हातारे माओरी गृहस्थ कुंपणावरून बघत होते. हे काय, म्हणून त्यांनी विचारलं. काकांनी सांगितलं की जमीन माझ्या नावावर असली तरी हिचा जुना मालक वेगळा आहे, त्याची परवानगी मागतोय. ते गृहस्थ आत गेले. मग गमबूट घालून इकडे आले आणि त्या खड्ड्याजवळ उभं राहून त्यांनी त्यांच्या भाषेत प्रार्थना म्हटली, लांबलचक. काका हात जोडून ऐकत राहिले. त्यानंतर रोज सकाळी "किया ओरा" असा माओरी नमस्कार करताना दोघं जरा जास्त वेळ थांबायचे.

कर्मठ म्हणावं तर असे कर्मठ. पण पुण्याच्या पंचांगात ग्रहण आहे म्हणून इथे उपास धरणाऱ्यांवर ते उखडायचे. इथे दिसलं तर ग्रहण, नाही तर नाही. आणि दिसलं की सुटल्यावर भर थंडीत टॉग्ज, म्हणजे पोहायचे कपडे, घालून समुद्रात बुडी. एकदा ते पुटपुटत डुबक्या मारत होते तेव्हा कुत्र्याला फिरवायला आलेल्या एका बाईने, हा माणूस बुडतोय म्हणून कपड्यांसकट पाण्यात उडी घातली. काका तिला घरी घेऊन आले, काकूंचा कोरडा पंजाबी ड्रेस दिला, जेवू घातलं. ती बाई अजून दिवाळीला येते आणि ढीगभर चकल्या खाते.

आता काकूंबद्दल. काकू इथल्या बालवाडीत शिकवायच्या आणि उरलेल्या वेळात आमच्या महाराष्ट्र मंडळाचा स्वयंपाक सांभाळायच्या. गणपतीचा महाप्रसाद, संक्रांतीचे लाडू, कोणाच्या घरी बाळंतपण असलं की डबा, सगळं त्यांच्याकडे. लांबच्या अप्पर हट गावाहून ट्रेनने पोरं यायची ती काकूंची आमटी खायला. कमिट्या आल्या नि गेल्या, काकू पातेल्याजवळच. एकदा भांडी पुसताना मला म्हणाल्या, "मला एकदा त्या अध्यक्षाच्या खुर्चीत बसायचंय गं. हौस म्हण हवं तर. ह्या मंडळाचं काय चुकतं ते मला जेवढं माहीत आहे तेवढं कोणाला नाही, पण विचारतंय कोण?" इतक्या वर्षांत त्यांनी स्वतःसाठी मागितलेलं हे पहिलंच काहीतरी मी ऐकलं.

त्या वर्षी मंडळाची निवडणूक तापली होती. एका बाजूला तरुण मंडळी, त्यांना दिवाळीला डीजे हवा, बार हवा आणि गणपती सोयीच्या वीकेंडला बसवायचा. दुसऱ्या बाजूला आमची भजनी मंडळी. दर गुरुवारी काकांच्या घरी जमायची. ह्यांचं म्हणणं, गणपती तिथीलाच बसेल, मंडळाच्या ताटात कोंबडी येणार नाही, आणि अध्यक्ष हवा तो देवाधर्माचा. मतं त्यांची भरपूर होती, पण उमेदवार दोन झाले. एक काकू. दुसरा जॉन्सनव्हिलचा एक आयटीतला मॅनेजर, कपाळावर कायम टिळा, रोज सकाळी सगळ्यांच्या फोनवर श्लोक पाठवणारा. मी त्याला मनातल्या मनात टिळेवाला म्हणायचे. माणूस वाईट नव्हता. फक्त त्याची भक्ती तुम्हाला दिसली की नाही, ह्यावर त्याचं बारीक लक्ष असायचं.

दोघं उभे राहिले की मतं फुटणार आणि डीजेवाले निवडून येणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. पण माघार कोण घेणार? गुरुवारच्या गुरुवारी नुसती कुजबुज. काही म्हणत बाईमाणूस अध्यक्ष कशी, काही म्हणत टिळेवाला भाषणं छान करतो. शेवटी कोणीतरी म्हणालं, आपण देवाची माणसं ना, मग देवालाच विचारू. काका, कौल लावा.

काका आधी नाहीच म्हणाले. "माझी बायको उभी आहे. मी कसा लावू?" टिळेवालाच पुढे झाला. "काका, तुमच्या हाताबद्दल कोणाला शंका आहे का? नाव कोणाचंही येवो, दुसरा बसेल आणि सगळे त्याच्यामागे उभे राहतील." देवासमोर सगळ्यांनी तसा शब्द दिला. मी चहाचे कप गोळा करत होते. मनात म्हटलं, बाई गं, मी कुठल्या शतकात भाडं भरतेय.

रविवारी सकाळी घर भरलं. दाराशी बुटांचा ढीग, बाहेर वाऱ्याने झाडं वाकलेली. दिवाणखान्याच्या कोपऱ्यात पाटावर गावाहून आणलेला वीतभर पितळी रवळनाथ, काकांच्या गावचा देव, शेजारी समई. काकूंनी थर्मलवर नऊवारी नेसली होती. टिळेवाला आईला घेऊन आला होता. ह्या आजी ठाण्याच्या, मुलाकडे राहायला आलेल्या. त्यांना सोफ्यावर बसवलं. मी पेढ्यांचं ताट घेऊन स्वयंपाकघराच्या दारात.

काकांनी शेवंतीच्या पाकळ्या पाण्यात बुडवून देवाच्या खांद्यांवर चिकटवल्या आणि डोळे मिटले. गाऱ्हाणं सुरू झालं. गावचा देव झाला, डोंगराचा राखणदार झाला. मग काकांचा आवाज जड झाला. "ही मंडळी तुझ्या दारात इली हत. हिचा नाव तुझ्या मनात आसात तर उजवी दी, नसात तर डावी दी म्हाराजा." सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा." मीसुद्धा म्हणाले, खोटं कशाला सांगू. आणि उजवी पाकळी सुटली, टपकन खाली आली.

एकच गलका झाला. टिळेवाल्याने देवाला नमस्कार केला आणि, कबूल करायला हवं, काकूंनाही वाकून केला. काकू पदराने डोळे पुसत हसत होत्या. मी ताट फिरवायला लागले. काका मात्र पाटासमोरून उठेनात. ते समईकडे बघत होते. ज्योत सरळ नव्हती, एका अंगाला झुकून फडफडत होती. काकांनी हात पुढे करून तळवा देवाच्या उजव्या खांद्याशी धरला, ऑफिसातल्या झरोक्यासमोर धरत असतील तसाच. मग मान वर करून भिंतीकडे पाहिलं.

"हीट पंप कोणी लावला?"

"मी लावला," काकू म्हणाल्या. "आजी कुडकुडत होत्या हो. का?"

काका उठून उभे राहिले. म्हणाले, "मंडळी, पेढे ठेवा खाली. पाकळी देवाने पाडलेली नाही. झोत सरळ खांद्यावर येतोय. कौल मोडला."

मला वाटलं चेष्टा करतायत. लोकांनी किती समजावलं त्यांना. एक जण म्हणाला, "काका, हीट पंप लावायची बुद्धी तरी कोणी दिली? देवानेच ना?" काका म्हणाले, "मग त्याचं वीजबिलही देवाला पाठवू का?" दुसरा म्हणाला, बंद करून पुन्हा लावा. ह्यावर काका मालवणीवर आले, म्हणजे विषय संपला. "देवाक एकदा विचारलेला परत विचारूचा नसता. तो काय आपलो नोकर आसा? आता आपला आपण ठरवूचा." शनिवारी जॉन्सनव्हिलच्या हॉलवर जमून हात वर करून आपला एक उमेदवार निवडायचा, असं ठरलं आणि मंडळी बूट शोधायला लागली.

काकूंनी हातातला पेढा ताटात परत ठेवला आणि आत आल्या. सिंकचा नळ सोडून पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. "माझंच डोकं. पूजेआधी बंद करायचं सुचलं नाही मला." मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "पण गप्प बसता आलं असतं त्यांना. एकदा. माझ्यासाठी."

मला त्यांचं पटलं. तशीच तणतणत बाहेर गेले. काका पायऱ्यांवर बसले होते, वाऱ्यात, जँडल्स घालून. म्हटलं, "काका, काय मिळवलंत? बोलला नसतात तर कोणाचं काय बिघडलं असतं?" खाडीकडे बघत ते म्हणाले, "वाऱ्याने पाकळी पडते. ही काय पाकळी आहे? एवढी वर्षं राबलेली बाई मी वाऱ्यावर बसवू त्या खुर्चीत?" राग होताच, पण त्या क्षणी मला त्या माणसाचा अभिमानही वाटला. देव न मानणारी मी, पण देव मानावा तर असा, असं वाटून गेलं.

तो आठवडा घरात काकू त्यांच्याशी बोलल्या नाहीत. माझ्यामार्फत व्यवहार. "त्यांना सांग डाळ संपली." काका डेअरीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानात, जाऊन दुधाबरोबर काहीतरी भलतंच घेऊन यायचे आणि माझ्याच हाती पाठवायचे. मी खालून वर, वरून खाली. भाडं मी देत होते आणि पोस्टमनही मीच.

शनिवारी हॉलवर काका एका बाजूला भिंतीशी बसले. "मी कौल लावणारा, मी मत देणार नाही," असं त्यांनी आधीच सांगून टाकलं. एक गृहस्थ उभे राहिले आणि म्हणाले, ज्या घरातला माणूस बायकोचा विजयही खोटा म्हणून नाकारतो, त्या घराला आपण मत द्यावं. टाळ्या पडायला लागल्या तशा काकू उठल्या. काकूंना मी इतक्या मोठ्या आवाजात बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

"ह्यांच्या खरेपणाचं मत मला नको," त्या म्हणाल्या. "ते त्यांचं आहे, त्यांना लखलाभ. मी तुमचा स्वयंपाक केलाय, तुमची भांडणं मिटवलीत, गणपती तिथीला बसावा म्हणून हॉलवाल्यांशी दर वर्षी मीच हुज्जत घातलीय. त्याच्यावर द्यायचं असेल तर द्या. नाही तर मी बसते खाली, माझी काही तक्रार नाही."

मग मागच्या खुर्चीतून टिळेवाल्याच्या आई बोलल्या, उठता येत नव्हतं म्हणून बसूनच. "त्या दिवशी मला थंडी वाजत होती. मी कोणाला बोलले नव्हते. हिला कळलं, एवढ्या घाईत, स्वतःचा निकाल लागायचा असताना." मग मुलाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हा माझ्या शेजारी बसला होता. पाठ आहेत सगळे श्लोक ह्याला. माझ्या मते बाईमाणूस चालेल."

टिळेवाला कानापर्यंत लाल झाला. पण उठला, म्हणाला, "आई बोलली त्यात काही खोटं नाही," आणि काकूंसाठी पहिला हात त्याने वर केला. त्याच्याबद्दल माझं मत त्या दिवशी बदललं. मागोमाग हात वर जात राहिले. बाईमाणूस कशी म्हणणाऱ्यांचेही गेले. आमच्या भजनी मंडळींना मी खूप हसले आहे, पुढेही हसेन, पण पाकळीच्या मागे लपायची सोय गेल्यावर त्यांनी डोकं वापरलं, हे मी कुठेही छाती पुढे काढून सांगेन.

परतताना गाडीत मी मागे. काकू पुढे बसलेल्या, मांडीवर पर्स. त्या आपणहून बोलल्या, आठवड्यात पहिल्यांदा.

"तुमचा हात काही वर दिसला नाही."

"मी सांगितलं होतं ना. माझा हात वर गेला असता तर लोक म्हणाले असते, बायको म्हणून दिलं."

"म्हणू देत की," काकू म्हणाल्या. "बाकीच्यांनी कामाला दिलं, ते बरोबरच आहे. तुम्ही बायकोलाच द्यायचं होतं. तेवढं एक तरी."

सिग्नल हिरवा झाला तरी गाडी जागची हलेना, मागच्याने हॉर्न वाजवल्यावर काकांनी गेअर टाकला.

मंडळाच्या खऱ्या निवडणुकीचा निकाल आधीच सांगून टाकते. काकू आल्या, चांगल्या फरकाने, आणि त्या वर्षी गणपती बुधवारी बसला. मला सांगायचंय ते मतमोजणीचं. आमच्याकडे हात वर करूनच मतदान. मावळते खजिनदार मोजायला उभे. पहिलं नाव डीजेवाल्यांच्या उमेदवाराचं होतं. खजिनदारांनी अजून तोंड उघडलं नव्हतं, तर पहिल्या रांगेत काकांचा हात वर. दोन स्वेटरांच्या बाह्या पार कोपराखाली घसरलेल्या.

नाव पुकारलं गेलं. खजिनदार मोजत मोजत पहिल्या रांगेशी आले आणि चकित होऊन थांबले. "काका, तुम्ही? ह्यांना?" सगळा हॉल वळून बघायला लागला. पलीकडे काकूंचा चेहरा पांढराफटक.

"मला मोजू नका," काका म्हणाले.

"मग हात खाली घ्या ना. अजून काकूंचं नाव आलेलं नाही."

"येऊ दे सावकाश," काका म्हणाले. "हा हात हिचा आहे. एकदा खाली ठेवून चूक केलीय, आता नाही ठेवणार."